पार्श्वभूमी : लाँगलीफ पाइनचं रान, विरळणी आणि मुद्दाम लावलेली आग

अमेरिकेच्या आग्नेय भागात दरवर्षी लाखो एकर पाइनच्या रानाला वनखात्याची माणसं आणि जमीनमालक स्वतःच काडी लावतात. एकट्या फ्लोरिडात, शेतं आणि कुरणं धरून, हा आकडा वर्षाला 20 लाख एकरांच्या आसपास जातो. कशासाठी, असं विचारलं तर उत्तरात झाडांइतकीच गवतांची आणि रानफुलांची नावं येतात. शंभर वर्षांपूर्वी याच राज्यांत रान पेटवणारा माणूस अडाणी तरी ठरे, नाहीतर गुन्हेगार.

हे रान लाँगलीफ पाइनचं. व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत ते एकेकाळी सुमारे 9 कोटी एकरांवर होतं, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राहून मोठं. वर पाहिलं तर एकाच जातीची, एकमेकांपासून अंतर राखून उभी असलेली झाडं. खरी गंमत पायाशी आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन स्वाम्प भागात एका चौरस मीटरात 40 हून जास्त वनस्पतिजाती मोजल्या गेल्या आहेत. कीटक पकडणारा व्हीनस फ्लायट्रॅप याच पट्ट्यातला. यातल्या बहुतेकांना भरपूर ऊन लागतं, आणि ते ऊन जमिनीपर्यंत पोचतं ते दर दोन-तीन वर्षांनी फिरणाऱ्या आगीमुळे.

लाँगलीफ स्वतः आगीसाठीच घडल्यासारखा आहे. त्याचं रोप पहिली काही वर्षं उंच वाढतच नाही. गवताच्या झुबक्यासारखं जमिनीलगत बसून राहतं आणि खाली सोटमूळ जाड करत जातं. आग आली की बाहेरच्या लांब सुया जळतात, मधला कोंब सुरक्षित राहतो. पुढे मुळात पुरेसा साठा झाला की रोप झपाट्यानं उंच होतं आणि कोंब ज्वाळांच्या टप्प्याबाहेर निघून जातो. ही आग पूर्वी उन्हाळ्यातल्या विजांची असे, किंवा मस्कोगीसारख्या मूलनिवासी लोकांनी लावलेली. भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल 1840 च्या दशकात अलाबामातून गेला, तेव्हा गवत जाळण्याच्या या रिवाजामुळे पाइन वाढल्याचं त्यानं नोंदवून ठेवलं होतं.

मग आगीशी वैर कुठून आलं? इथे धागा आपल्याकडे वळतो. अमेरिकेच्या वनखात्याचा पहिला प्रमुख गिफर्ड पिंशो युरोपात वनशास्त्र शिकला तो डीट्रिश ब्रँडिस यांच्या मार्गदर्शनाखाली, आणि ब्रँडिस म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक. सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात 1860 च्या दशकात वणवाबंदी करून दाखवली गेली, तेव्हा खात्याची सूत्रं त्यांच्याकडेच होती. वणवा म्हणजे नासाडी, हा त्या पिढीचा पक्का समज होता. अमेरिकेच्या दक्षिणेत तर 1880 ते 1930 या काळात रेल्वे टाकून जुनी रानं तोडून नेली होती. उरलेल्या जमिनीवर नवी झाडं यायची तर आग बंद, एवढंच वनखात्याला दिसत होतं. 1928 पासून तीनेक वर्षं सिनेमाचे प्रोजेक्टर लादलेले ट्रक गावोगाव फिरले आणि आगीविरुद्ध प्रचार झाला.

उलट बोलणारे होतेच. फ्लोरिडातल्या टॅलाहासीच्या एलेन कॉल लाँग यांनी 1888 मध्येच आगीशिवाय लाँगलीफ टिकणार नाही, असा इशारा दिला होता. येल विद्यापीठाचे हर्मन चॅपमन विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तेच सांगत राहिले. पण गाडी हलली ती शिकारीच्या शौकामुळे, हे जरा अवघड वाटलं तरी खरं आहे. टॅलाहासी आणि थॉमसव्हिल यांच्यामधल्या टेकड्यांवर श्रीमंतांची शिकारीची रानं होती आणि त्यांतले बॉबव्हाइट जातीचे लावे कमी होत होते. कारण शोधायला 1924 मध्ये सरकारी वन्यजीव-अभ्यासक हर्बर्ट स्टॉडर्ड आले. रान न जाळल्यानं झुडपं माजतात आणि लाव्यांना लागणारी दाण्या-शेंगांची रोपं दबून जातात, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. 1931 मध्ये तो छापून येण्याआधी आगीवरचं प्रकरण त्यांना वरिष्ठांच्या दबावाखाली पुन्हापुन्हा मवाळ करावं लागलं.

1943 मध्ये वनखात्यानं दक्षिणेतल्या पाइनच्या रानांत नियंत्रित आगीला परवानगी दिली. लगेच पुढच्या वर्षी त्याच खात्याचं स्मोकी नावाचं अस्वल भिंतीभिंतीवरच्या पोस्टरांतून वणवे टाळायला सांगू लागलं! स्टॉडर्ड आणि सहकाऱ्यांनी 1958 मध्ये टॉल टिंबर्स हे संशोधन केंद्र काढलं. तिथल्या पूर्वी शेती झालेल्या पाइनच्या एका तुकड्याला 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून आग लावलेली नाही. आज तिथे रुंद पानांच्या झाडांची दाट गर्दी आहे आणि तळाशी गवताऐवजी पाचोळा.

पुढची गोम होती हंगामाची. शिकारीच्या वेळापत्रकाप्रमाणे रानं हिवाळ्याअखेर जाळली जात. त्यानं झुडपं आटोक्यात राहत, पण तळाचं मुख्य गवत, वायरग्रास, क्वचितच फुलोऱ्यावर येई. या गवताला बी धरायचं तर आग एप्रिल ते जुलैच्या सुमारास, म्हणजे विजांच्या मोसमात लागावी लागते. हे ध्यानात येईपर्यंत बरीच वर्षं गेली. आता बियाण्यासाठी राखलेले तुकडे मे-जूनमध्ये जाळतात आणि हिवाळ्याच्या तोंडाशी यंत्रानं बी गोळा करतात.

विरळणीची, म्हणजे काही झाडं तोडून रान मोकळं करण्याची, गरज वेगळ्या कारणानं पडली. अनेक दशकं न जळलेल्या रानात बुंध्यांभोवती पाचोळ्याचा जाड थर साचतो. तिथे थेट आग लावली तर ती आतल्या आत धुमसते, वरच्या बारीक मुळ्या भाजून काढते आणि शंभर वर्षांचा पाइन मरतो. म्हणून आधी ओक, स्वीटगम ही रुंद पानांची झाडं आणि जादा पाइन काढायचे, मग ओलावा असताना हलकी आग लावायची. नुसती विरळणी करून थांबलं तर ऊन आत येतं खरं, पण त्याचा पहिला फायदा तोडलेल्या बुडख्यांतून फुटणाऱ्या धुमाऱ्यांना होतो आणि पाचोळा जागचा हलत नाही. आगीची जागा करवत घेऊ शकते का, हे पाहणारे प्रयोग 2000 च्या आसपास देशभर सुरू झाले. विरळणीला आगीची जोड दिली तेव्हा तळाची विविधता सहसा अधिक वाढली, पण पश्चिमेकडच्या रानांत त्याच मोकळ्या जागेत परकी तणंही शिरली. चीटग्रास हे त्यातलं सर्वांत त्रासदायक.

1990 च्या दशकात लाँगलीफ 30 लाख एकरांच्या आसपास उरला होता. फ्लोरिडानं 1990 मध्येच कायदा करून, नियमानं आग लावणाऱ्या मालकाला नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून काहीसं संरक्षण दिलं. 2009 मध्ये क्षेत्र 80 लाख एकरांवर नेण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम ठरला. लागवड त्यामानानं सोपी आहे. अडचण येते ती पूर्वी नांगरलेल्या जमिनीवर. तिथे पाइन उभा राहतो, वेळच्या वेळी आगही लागते, तरी वायरग्राससारख्या जाती पिढ्यान्‌पिढ्या परतत नाहीत, कारण त्या मुळांवर जगतात आणि त्यांचं बी फार लांब जात नाही. अशा ठिकाणी बी पेरण्याला पर्याय नाही. जिथे नांगर कधी लागलाच नाही, ते तुकडे आधी हेरून राखायचे, असा आताच्या कामाचा क्रम आहे.