वळिवडे पोलिश छावणी

वळिवडे पोलिश छावणी : दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेल्या पोलिश नागरिकांसाठी तत्कालीन कोल्हापूर संस्थानात, शहराच्या पूर्वेस वळिवडे गावाजवळ वसवलेली निर्वासितांची वसाहत. ती १९४३ च्या मध्यास सुरू झाली आणि १९४८ मध्ये उठली. वस्ती सुमारे पाच हजार. त्यांत स्त्रिया व मुलेच बहुसंख्य, कारण लढण्याजोगे पुरुष सोव्हिएट संघात उभारलेल्या जनरल अँडर्सच्या पोलिश सैन्यात गेले होते. भारतातील पोलिश वसाहतींत ही सर्वांत मोठी. आजचे गांधीनगर याच जागेवर आहे.

हे लोक मूळचे पूर्व पोलंडचे. १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएट फौजा त्या भागात शिरल्या आणि फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या काळात चार लाटांत कुटुंबेच्या कुटुंबे मालगाड्यांत कोंबून सायबीरिया, कझाकस्तान व उत्तर रशियाकडे हद्दपार करण्यात आली. या हद्दपारांची संख्या हा वादाचा मुद्दा आहे. युद्धकाळातील पोलिश अंदाज दहा लाखांच्या पुढे जातात. उलट, १९९० नंतर खुल्या झालेल्या सोव्हिएट गुप्त पोलिसांच्या दप्तरात चारही लाटा मिळून सुमारे ३ लाख २० हजारांची नोंद सापडते. दप्तरातील आकडा गाडीगणिक मोजणीवर बेतलेला असल्याने त्या चार लाटांपुरता तोच अधिक विश्वसनीय मानावा लागतो. मात्र त्यात युद्धकैदी, तुरुंगात डांबलेले आणि लाल सैन्यात सक्तीने भरती केलेले येत नाहीत. दोन्ही बाजू पुष्कळदा वेगवेगळ्या गोष्टी मोजून एकमेकींना खोडतात.

जर्मनीने सोव्हिएट संघावर हल्ला केल्यावर चित्र पालटले. पोलिश सरकार व सोव्हिएट संघ यांच्यातील ३० जुलै १९४१ च्या सिकोर्स्की–मायस्की कराराने पोलिश कैद्यांना ‘माफी’ मिळाली (गुन्हा कोणता, हे करारात नाही). १९४२ मध्ये कास्पियन समुद्रातून क्रास्नोव्होद्स्क ते पहलवी (हल्लीचे अंझली) या मार्गाने सुमारे १ लाख १५ हजार लोक इराणात उतरले. पैकी एक तृतीयांशाच्या आसपास नागरिक होते. इराणवर एवढा भार कायम टाकणे शक्य नसल्याने त्यांना पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि भारत येथे विभागून पाठवण्यात आले. भारतात येणाऱ्यांपैकी अनेकांचा पहिला मुक्काम कराचीच्या संक्रमण छावणीत पडे.

आश्रय कोणी दिला? ‘कोल्हापूरच्या महाराजांनी पोलिश लोकांना आसरा दिला’ असे स्थानिक लेखनात सर्रास आढळते. क्वचित ते श्रेय राजर्षी शाहूंनाही दिले जाते. दुसरे विधान कालदृष्ट्या अशक्य आहे, कारण शाहू महाराज १९२२ मध्ये निवर्तले. पहिलेही तपासून घ्यावे लागते. छत्रपती राजाराम महाराज नोव्हेंबर १९४० मध्ये वारले, गादीवरील दत्तक शिवाजी महाराज अजून पाळण्यातून उतरलेले नव्हते आणि कारभार रीजन्सीच्या, म्हणजे अज्ञान राजाच्या वतीने राज्य चालवणाऱ्या मंडळाच्या, हाती होता. संस्थानाची संमती व जमीन यांवाचून छावणी उभी राहिली नसती, हे खरे. पण योजना भारत सरकार आणि लंडनस्थित निर्वासित पोलिश सरकार यांची, आणि खर्च मुख्यतः पोलिश सरकारच्या खात्यावर पडे. बहुधा काठेवाडातील नवानगर (जामनगर) संस्थानचे राजे, जामसाहेब दिग्विजयसिंहजी, यांची कथा येथे चिकटली असावी. त्यांनी १९४२ मध्ये आपल्या संस्थानातील बालाचडी येथे पोलिश मुलांसाठी खरोखरच स्वतः पुढाकार घेऊन वसाहत उभारली होती. १९४६ मध्ये ती बंद झाल्यावर तेथील उरलेली मुले वळिवड्यालाच आली.

रचना व कारभार : घरे म्हणजे लांबच लांब बराकी, वर कौले, भिंती बांबूच्या चटयांच्या. प्रत्येक कुटुंबाला खोल्या व स्वयंपाकाची जागा वेगळी. त्यामुळे सामुदायिक भटारखान्यापुढे ताटली घेऊन उभे राहण्याची पाळी बहुतेकांवर आली नाही. भत्ता रोख मिळे, बाजार ज्याचा त्याने करायचा. मदतकार्याच्या इतिहासात ही बाब लक्षणीय आहे. चटईतून शेजारचे बोलणे आरपार ऐकू येई, परंतु चूल आपली होती. चर्च, रुग्णालय, अनाथालय, शाळा, नाट्यगृह व बालवीर पथके होती. शिक्षण पोलिश भाषेत, परत जायचेच आहे या हिशेबाने. पोलिश रेड क्रॉसच्या भारतातील प्रतिनिधी किरा बानासिन्स्का यांचा या कामात मोठा वाटा होता. गावकऱ्यांशी व्यवहार मुख्यतः भाजीपाला व दूध यांपुरता. काही मुलींनी स्थानिक तरुणांशी लग्ने केली व त्या येथेच राहिल्या.

जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि छावणीचा पोशिंदाच नाहीसा झाला. खर्च आधी ब्रिटिश खजिन्यावर, पुढे ‘उन्रा’ या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेकडे गेला. दोस्तराष्ट्रांच्या याल्टा परिषदेनंतर या लोकांची गावे सोव्हिएट हद्दीत गेली होती. त्यामुळे मायदेशी परतणारे थोडेच निघाले. सैनिकांची कुटुंबे मुख्यतः ब्रिटनला गेली, इतर ऑस्ट्रेलिया, कॅनडा व अमेरिकेत पांगली.

रिकाम्या झालेल्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे राहू लागली व वसाहतीला गांधीनगर हे नाव पडले. आज ती कापडाची मोठी घाऊक पेठ आहे. छावणीत वारलेल्यांच्या कबरी कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत, आणि शहरातील महावीर उद्यानात स्मारकस्तंभ आहे. वॉर्सातही कोल्हापूरचे स्मारक आहे.