जहाज आलं म्हणजे कोळसा आला असं नाही
(बॉयलरसाठी आमच्याकडून इंडोनेशियन कोळसा घेणाऱ्या बडोद्याच्या ग्राहकांसाठी)

"जहाज मगदल्ल्याला लागलं, मोबाइलवर दिसतंय. आमच्या गाड्या का भरत नाही?" प्रत्येक जहाजामागे हा फोन येतोच.

मगदल्ला हे सुरतजवळचं तापीवरचं बंदर. तिथे येणारं मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते बाहेर समुद्रात नांगर टाकतं. तुम्हाला मोबाइलवर दिसतो तो ठिपका तिथला. कालिमंतानहून बारा-चौदा दिवसांचा प्रवास करून आलेलं हे जहाज पाच होल्डांचं (माल ठेवायचे कप्पे), चार क्रेनचं. पोटात पन्नास-पंचावन्न हजार टन. पंचवीस टनी गाड्या धरल्या तर दोन हजारांच्या वर भरतील.

नांगर पडला की कप्तान 'माल द्यायला तयार' अशी नोटीस देतो. मग ड्राफ्ट सर्व्हे, म्हणजे जहाज पाण्यात किती बुडालंय त्यावरून मालाचं वजन काढणं. पुढे, मध्ये, मागे, दोन्ही अंगांना मिळून सहा ठिकाणी पाण्याची रेषा कुठल्या आकड्याला टेकते ते वाचतात. बादलीभर समुद्राचं पाणी वर ओढून त्याची घनता मोजतात. पाणी हलत असेल तर एकेका आकड्यासाठी बराच वेळ डोळा लावून बसावं लागतं. त्यानंतर क्रेनचा ग्रॅब (पंजा) कोळसा बार्जमध्ये, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावेत, सोडतो आणि बार्ज भरतीची वेळ साधून तापीत शिरतं. खंबायतच्या आखाताला घाई चालत नाही. तळाचा माल तर होल्डमध्ये लोडर उतरवून गोळा करावा लागतो.

आमची कळकळीची विनंती एकच: डिलिव्हरी ऑर्डर (डी.ओ., माल उचलायची परवानगी) हातात आल्याशिवाय गाडी पाठवू नका. गेल्या दिवाळीआधी एका ग्राहकाने ठिपका पाहून तीन गाड्या धाडल्या. दोन दिवस गेटबाहेर उभ्या. ड्रायव्हर जेवणासाठी पैसे मागायला आम्हाला फोन करत होते, आणि त्याच दिवसांत ग्राहकाला इथे बडोद्यात गाडी मिळेना. असं हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबल्याचा खर्च, आम्ही आमच्या अंगावर घेत नाही, यावरून काहींची नाराजी आहे. पण ते सोसायचं तर दर वाढवावा लागेल, आणि वेळेवर गाडी पाठवणाऱ्यांवर तो बोजा टाकणं आम्हाला पटत नाही.

डी.ओ. निघाली की त्याच तासाला तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तिचा फोटो आणि कोळसा ठेवलेल्या प्लॉटचा नंबर येतो. गाडी त्यानंतर काढा. भरलेल्या गाडीवर ताडपत्री आणि हातात काटापावती असल्याशिवाय आमचा माणूस ती सोडत नाही.

बॉयलर थांबण्याची धास्ती असेल तर आमच्या बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या प्लॉटवर चाळलेला माल असतो. दर थोडा जास्त आहे, पण सकाळी सांगितलंत तर संध्याकाळी पोचतो. जहाजाच्या मालाची नोंदणी केलेल्यांना आधी देतो.