गौस यांच्या जाळीतले कवडसे

व्हॉट्सअ‍ॅपवर परवा पुन्हा तो निरोप फिरत आला. ग्वाल्हेरचा मोहम्मद गौस यांचा मकबरा म्हणे विजेशिवाय चालणारा एसी. जाळीच्या छिद्रांतून जाताना वारा दाबला जातो आणि गार होतो! सोबतचा फोटो मात्र सुरेख होता.

ग्वाल्हेरच्या हजिरा भागातली ही इमारत अकबराच्या काळातली. मोहम्मद गौस हे शत्तारी परंपरेचे सूफी, १५६३च्या सुमारास वारले. चौकोनी वास्तू, कोपऱ्यांना षट्कोनी बुरूज, वर घुमट आणि मधल्या दालनाभोवतीच्या ओवरीला वालुकाश्माच्या कोरीव जाळ्या.

आधी वाऱ्याचा हिशेब. सेकंदाला ५ मीटरचा वारा छिद्रात तिप्पट वेगानं घुसला, तरी तापमान उतरतं अंशाच्या जेमतेम दहाव्या भागानं. पलीकडे वेग ओसरला की तेही परत चढतं. अंगाला गार लागतं ते घाम वाळतो म्हणून आणि ऊन अडतं म्हणून. ऊन अडवण्याची करामत जाळीच्या जाडीत आहे.

समजा, छिद्र ५ सेंमी उंच आणि दगडही ५ सेंमी जाड. सूर्य समोर ४५ अंशांच्या वर चढला, की किरण छिद्रात शिरतो, पण पलीकडे निघण्याआधी तळाच्या दगडावर आपटतो. उंचीला जाडीनं भागा; ज्या कोनाचा टॅन तेवढा भरतो, तोच हा कोन. दगड जाड केला की कोन खाली येतो. ग्वाल्हेर सुमारे २६ अंश अक्षांशावर. जूनमध्ये तिथं मध्यान्हीचा सूर्य ८७ अंशांवर, डिसेंबरात ४० अंशांवर. म्हणजे अशी दक्षिणेची जाळी उन्हाळ्यातलं ऊन बाहेर ठेवते, थंडीतलं आत घेते, आणि काही उघडायचं-मिटायचं नाही. वरचा रुंद छज्जा हेच गणित मोठ्या मापात करतो. पूर्व-पश्चिमेला सूर्य तिरपा येतो; तिथं जाळी ऊन नुसतं चाळते.

शेजारीच तानसेनची साधीशी कबर. तिथल्या चिंचेचा पाला चावला की गळा सुरेल होतो, म्हणून लोक पानं ओरबाडत आले. पाला जातो अन्ननलिकेत. स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी, आणि गिळताना ती वाट मिटलेली. ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव पंडित यांच्या गावात तरी हे सांगावं लागू नये. त्यांचा गळा रियाजाचा होता.

डिसेंबरात तानसेन समारोहाला गेलात, तर दुपारी बाराला दक्षिणेच्या ओवरीत डोकवा. कवडसे किती आत येतात ते पावलांनी मोजा, जाळीची जाडी बोटांनी.