सूतकताई (खानदेश)

चरखा किंवा टकळीवर हाताने धागा काढण्याची कला, आणि तिच्या निमित्ताने एकत्र बसणाऱ्यांची संगत. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या काळ्या जमिनीत कपाशी अमाप. कातायला चांगला पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, मात्र शोधावा लागतो. जिनिंगनंतर गाठीत दाबलेला कापूस जड होतो, त्याचे तंतू सुटे व्हायला त्रास देतात. म्हणून हौशी कातणारे बोंडातून वेचलेला ताजा कापूसच पसंत करतात.

सरकी काढायची, कापूस पिंजून मोकळा करायचा आणि काडीभोवती गुंडाळून वीतभर पेळू वळायचा. पिंजण्याचे काम पूर्वी पिंजारी करत. धनुकलीच्या तारेचा तो टणत्कार आता गादीवाल्यांकडेही क्वचितच ऐकू येतो. कातताना उजवा हात चाक फिरवतो, डावा पेळू मागे ओढत नेतो. चात्याच्या, म्हणजे चरख्याच्या फिरत्या टोकदार काडीच्या, टोकाला पीळ बसतो, हात पुरेसा लांब गेला की चाक किंचित उलटे फिरवून सूत चात्यावर गुंडाळतात. सगळी गंमत दोन हातांच्या मेळात आहे. पीळ पुढे गेला तर सुताला गाठी पडतात, ओढ पुढे गेली तर ते तुटते. देशी कपाशीचा तंतू आखूड असल्यामुळे तो पीळही जास्त मागतो. नवख्याचे सूत पहिले काही दिवस सुतळीसारखे निघते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. तुटले तर टोक पेळूवर ठेवून पुन्हा पीळ द्यायचा, गाठ मारायची नाही.

मोजणीची जुनी रीत अशी: ४ फुटांची १ तार, १६० तारांची लटी, ४ लटींची म्हणजे ६४० तारांची १ गुंडी. सुताचा अंक ८४० यार्डांच्या लडीवर ठरतो: १ पौंडात अशा जितक्या लडी भरतील तितका अंक, म्हणजे अंक मोठा तेवढे सूत बारीक.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस कमी पडू लागला आणि इकडच्या कपाशीला सोन्याचा भाव आला. पुढे जळगाव, अमळनेर, धुळे येथे गिरण्या निघाल्या. स्वस्त गिरणीसुतापुढे घरचा चरखा माळ्यावर गेला. तो खाली उतरला खादी चळवळीत. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, मंडपाची सजावट नंदलाल बोस यांची होती आणि खादी व ग्रामोद्योगांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन गांधीजींनी केले. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या देखरेखीखाली सुधारत गेलेला, घडी होणारा पेटी चरखा प्रवासातही नेता येतो, म्हणून सामूहिक सूत्रयज्ञात, म्हणजे एकत्र बसून कातण्याच्या कार्यक्रमात, तोच जास्त दिसतो.

कापसाखेरीज लोकरही हाताने कातली जाते. धनगर मेंढपाळांत मेंढरांमागे चालता चालता टकळी फिरवण्याची रीत आहे. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीचे सूत घोंगडीला जाते.

कताईची खरी जिवंत शाखा मात्र चरख्यावर नाहीच, ती ओसरीवर आहे. चातुर्मासात बायका कापसाचा ढीग मधे ठेवून वाती वळतात, लक्षवातीचा संकल्प असेल तर शेजारपाजारच्याही मदतीला येतात. “मला कातता येत नाही” म्हणणाऱ्या आजीची बोटे इथे न बघता तंतू सरळ करत असतात. सुताहून वातीला पीळ सैल हवा, नाहीतर तेल वर चढत नाही. फुलवातीला तर बुडाशी पीळ नसतोच. दुधाचे बोट लावून तेवढे टोक वळायचे.