मत कोणापासून लपवायचं?

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पोल टाकला की खालच्या बटणावर बोट ठेवायचं, कोणी कशाला मत दिलं त्याची यादी नावानिशी समोर येते. टेलिग्रामच्या निनावी पोलमध्ये असं बोट ठेवायला जागाच नसते, फक्त टक्के दिसतात. त्यामुळे टेलिग्रामचा पोल गुप्त आणि व्हॉट्सॲपचा उघडा असं सरसकट समजलं जातं. ते अर्धंच खरं आहे. व्हॉट्सॲपचं मत फोनमधून कुलूपबंद होऊन निघतं आणि ग्रुपमधल्या फोनांवरच उघडतं, मधल्या सर्व्हरला ते वाचता येत नाही. टेलिग्रामचे ग्रुप आणि चॅनेल मात्र कंपनीच्या सर्व्हरवर असतात. तुमचं मत कशाला पडलं हे त्या सर्व्हरला माहीत असावंच लागतं, नाहीतर दिलेलं मत मागे घेण्याची सोय चालणार कशी? म्हणजे एकीकडे शेजाऱ्याला दिसतं पण कंपनीला नाही, दुसरीकडे कंपनीला दिसतं पण शेजाऱ्याला नाही. आणि सोसायटीच्या पार्किंगचा प्रश्न असेल तर भीती शेजाऱ्याचीच असते.

मतं सर्व्हरवर मोजणाऱ्या कुठल्याही ऑनलाइन समूहात लाइक किंवा डाउनव्होट (नापसंतीचं मत) केलं की तिथे एक ओळ लिहिली जाते. तिच्यात चार गोष्टी असतात, उदाहरणार्थ: सदस्य क्रमांक ४१७, टिप्पणी क्रमांक ९०३२, मत उणे एक, आणि वेळ. नाव वगळून नुसती बेरीज ठेवली तर काय बिघडेल? एकच माणूस शंभर वेळा बटण दाबेल आणि शंभर मतं पडतील. दुसऱ्यांदा दाबल्यावर मत रद्द व्हायला हवं, तेही होणार नाही. ‘एका माणसाला एक मत’ हा नियम पाळायचा म्हणजे माणूस आणि मत यांची जोडी कुठेतरी नोंदवावी लागते. म्हणून पडद्यावर नाव दिसत नाही एवढ्यावर समाधान मानू नये. ती ओळ कोणाकोणाला वाचता येते हे विचारावं.

रेडिट या चर्चासमूहांच्या संकेतस्थळावर ती ओळ कंपनीकडे राहते, समूह सांभाळणाऱ्या मॉडरेटरला दिसत नाही. शिवाय मतांचा आकडाही मुद्दाम थोडा पुढेमागे हलवून दाखवला जातो, म्हणजे मतं फुगवणाऱ्या बॉटला (स्वयंचलित खात्याला) आपलं मत मोजलं गेलं की नाही याचा पत्ता लागू नये. लेमीची गोष्ट वेगळी आहे. रेडिटसारखंच दिसणारं हे सॉफ्टवेअर एका कंपनीच्या सर्व्हरवर चालत नाही. अनेकांनी चालवलेले सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब नावाच्या प्रोटोकॉलने, म्हणजे ठरलेल्या नियमांनी, एकमेकांशी बोलतात. वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०१८ च्या जानेवारीत तो प्रमाण म्हणून मंजूर केला. त्यात मत हा एक निरोप असतो. निरोपाचा प्रकार ‘लाइक’ किंवा ‘डिसलाइक’, कर्ता म्हणजे तुमच्या खात्याचा पूर्ण पत्ता, आणि कर्म म्हणजे त्या पोस्टचा पत्ता. तुमच्या सर्व्हरवरून हा निरोप समूहाच्या सर्व्हरकडे जातो आणि तिथून त्या समूहाचे वाचक जिथे जिथे असतील त्या प्रत्येक सर्व्हरकडे. ती चार खणांची ओळ एकाच वेळी शेकडो अनोळखी ॲडमिनांच्या डेटाबेसमध्ये जाऊन बसते.

लेमीच्या पानावर सामान्य वाचकाला नावं दिसत नाहीत. पण ॲडमिनला आणि आपल्या समूहापुरती मॉडरेटरलाही मतदारांची यादी उघडता येते. त्याच निरोपांवर चालणारं एमबिन हे दुसरं सॉफ्टवेअर तर लाइक देणाऱ्यांची नावं पानावरच दाखवतं. आणि यातलं कुठलंच पद न घेता यादी हवी असेल, तर भाड्याच्या छोट्या मशीनवर स्वतःचा सर्व्हर चालू करायचा, हवे ते समूह फॉलो करायचे, पुढची सगळी मतं नावपत्त्यासह घरपोच येत राहतात. यात चोरी नाही की हॅकिंग नाही. रचनाच तशी आहे.

मग सर्व्हरने नावं न पाठवता नुसती बेरीज का पाठवू नये? कारण मग तीन सदस्यांचा एखादा सर्व्हर ‘आमच्याकडून ५०० मतं’ असं बिनदिक्कत कळवेल आणि पडताळा घ्यायला कोणाकडे काहीच नसेल. नाव पाठवलं की खात्याचं वय, त्याच्या पोस्टी, ते खरं वाटतं की नाही हे तरी पाहता येतं. त्याच जातीच्या पीफेड या सॉफ्टवेअरने २०२४ मध्ये यावर मधली वाट काढली. गुप्त मतदान चालू केलेल्या सदस्यासाठी ते एक दुसरं, अर्थहीन नावाचं खातं तयार करू लागलं आणि मतं त्या खात्याच्या नावाने बाहेर जाऊ लागली. टोपणनाव कोणाचं हे फक्त घरच्या सर्व्हरला माहीत. युक्ती चांगली आहे, पण टोपणनाव कायम तेच राहतं. ते एकाच सदस्याच्या प्रत्येक पोस्टला लाइक देत असेल आणि ती पोस्ट पडल्यावर मिनिटाभरात देत असेल, तर मागचा माणूस ओळखायला फार डोकं लागत नाही.

मॉडरेटरला यादी हवी कशाला, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तरही रास्त आहे. एकाच माणसाची पाच खाती एकमेकांना वर चढवतात. कोणी चिडून एखाद्याच्या जुन्या चाळीस टिप्पण्या एका बैठकीत खाली पाडतो. बाहेरची टोळी येऊन एखादा धागा बुडवते. हे पकडायचं तर मतांकडे पाहावं लागतं. पण त्याच यादीत मॉडरेटरच्या स्वतःच्या पोस्टला डाउनव्होट देणाऱ्यांचीही नावं असतात. मॉडरेटरही माणूसच, तिथे नजर जाणारच. पुढच्या आठवड्यात त्यातल्या कोणावर बंदी आली तर ती नियमभंगाची की डाउनव्होटची, हे कोणालाच सिद्ध करता येत नाही.

आमच्या मते यातला सर्वांत शहाणा तोडगा प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या स्टॅक ओव्हरफ्लो या संकेतस्थळाचा आहे. तिथे निवडून आलेल्या मॉडरेटरलाही एखाद्या उत्तराला कोणी मत दिलं ते दिसत नाही. दिसतो तो साचा: या खात्याची मतं नेहमीपेक्षा जास्त त्या खात्याकडे जातात, एवढंच. शिवाय एक स्वयंचलित प्रोग्राम रोज त्या दिवसाची मतं चाळतो आणि एकाच व्यक्तीवर रांगेने पडलेली मतं मागे घेतो. प्रोग्रामचे नेमके निकष जाहीर केलेले नाहीत, आणि ते बरोबरच आहे, कळले की लोक त्याच्या एक मत अलीकडे थांबतील. चुका होतातच. एखाद्याची उत्तरं खरोखर आवडून कोणी सलग दहा लाइक दिले तर तीही उडतात.

विकिपीडियावर दोन्ही टोकं आहेत. मराठी विकिपीडियावर प्रचालक (ॲडमिन) निवडायचा तर ‘कौल’ घेतात आणि तो सहीनिशी द्यायचा असतो. शब्द देवळातला, पण इथे कौल देणारा झाकलेला राहत नाही. पानाच्या इतिहासात ते मत तारीखवेळेसकट कायमचं राहतं. इंग्रजी विकिपीडियाची, संपादकांमधले वाद मिटवणारी लवाद समितीही आधी अशीच उघड मतांनी निवडली जायची. २००९ पासून ती निवडणूक सिक्युअरपोल या प्रणालीवर गुप्तपणे होते. तिची कामाची वाटणी पाहण्यासारखी आहे. मतदान कोणी केलं ती यादी उघड असते. बाहेरून आणलेल्या तपासनिसांना मतदाराचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) आणि ब्राउझर दिसतो, म्हणजे एकाच माणसाची दोन खाती पकडता येतात, पण मतपत्रिका कुलूपबंद असते. ती उघडणारी किल्ली तपासनिसांकडे नसते. मतदाराला पुन्हा मत देता येतं आणि शेवटचं धरलं जातं, त्यामुळे कोणी समोर बसून मत द्यायला लावलं तरी नंतर ते बदलता येतं. एक फट मात्र उरते. डेटाबेसमध्ये मतदार आणि त्याची कुलूपबंद मतपत्रिका एकाच ओळीत असतात, म्हणून डेटाबेसवाला आणि किल्लीवाला एक झाले तर गुपित संपलं.

लहान समूहात एवढी यंत्रणा नसते आणि गळती भलत्याच ठिकाणाहून होते. बारा जणांच्या ग्रुपमध्ये निनावी पोल चालू आहे, अकरा जणांचं झालंय, आकडा ६–५. बारावा लिहितो, ‘आत्ता पाहिलं, दिलं बरं का मत.’ आकडा ६–६ झाला. त्याचं मत सगळ्यांना कळलं, आणि तेही कुठलंही कुलूप न फोडता. मतदान संपेपर्यंत बेरीज झाकून ठेवली तर हे टळतं. निकाल विंगवार फोडून सांगितला आणि ए विंगमधून तीनच मतं आली, तिन्ही विरोधात, तर तिथेही गुपित राहिलं नाही. १२–० असा निकाल लागला तर कुठलंच तंत्रज्ञान काही झाकू शकत नाही.

गूगल फॉर्म वापरणारे ईमेल गोळा करायचा पर्याय बंद करतात आणि निर्धास्त होतात. पण उत्तरांच्या शीटमध्ये पहिला रकाना वेळेचा असतो, सेकंदापर्यंत. ग्रुपवर ९:४२ ला कोणी ‘झालं माझं’ लिहिलं आणि शीटमध्ये ९:४१:५० ची ओळ असली की जोडी जमली. ‘अन्य सूचना’ अशी मोकळी चौकट तर ठेवूच नये, लिहिण्याच्या ढबीवरून माणूस ओळखू येतो.

चाळीस-पन्नास जणांसाठी बरा चालणारा उपाय चिठ्ठ्यांचा आहे. सहा आकडी संकेतांक कुठल्याही क्रमाशिवाय तयार करायचे, १ ते ४० असे सरळ नकोत, कारण शेजारचा आकडा कोणीही अंदाजाने टाकेल. ते छापून, घड्या घालून डब्यात टाकायचे आणि प्रत्येकाने स्वतः एक उचलायचा. कोणी उचलला त्याची हजेरी घ्यायची, कोणता उचलला ते लिहायचं नाही. फॉर्ममध्ये लॉगिन नको, फक्त संकेतांक आणि मत. मुदत संपल्यावर यादीत नसलेले संकेतांक काढून टाकायचे आणि दोनदा आलेल्यांपैकी पहिला धरायचा की शेवटचा, ते आधीच जाहीर केलेलं असावं. हे बिघडतं ते गैरहजर लोकांपाशी. समजा आठ जण आले नाहीत. सेक्रेटरी त्या आठ जणांना संकेतांक व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि त्या आठांची जोडी त्याच्या फोनमध्ये राहते. (सोसायटीच्या कायदेशीर निवडणुकीचे नियम वेगळे आहेत. हा उपाय घरगुती निर्णयांपुरता.)

याच डब्याचं गणिती रूप संकेतशास्त्रज्ञ (क्रिप्टोग्राफर) डेव्हिड चॉम यांनी १९८२ मध्ये मांडलं. आतून कार्बन लावलेलं पाकीट घ्या, त्यात मतपत्रिका घालून बंद करा. अधिकारी तुमची ओळख पटवून पाकिटावर सही करतो, ती कार्बनमधून आतल्या कागदावर उमटते. तुम्ही कागद बाहेर काढून नाव न लावता पाठवता. सही आपलीच आहे हे अधिकाऱ्याला दिसतं, कोणाच्या पाकिटातली ते कळत नाही. संगणकात कार्बनचं काम एक गुप्त यादृच्छिक संख्या करते: आधी तिने मत झाकायचं, सही झाल्यावर तिचा परिणाम काढून टाकायचा. मात्र सही घेतल्यावर पाचव्या सेकंदाला, त्याच आयपी पत्त्यावरून मत पाठवलं तर कार्बनचा काही उपयोग नाही.

हेलिओस ही ऑनलाइन मतदानाची प्रणाली दुसऱ्या वाटेने जाते. तिथे कुलूपबंद मतांचीच बेरीज होते आणि शेवटी फक्त बेरजेचं कुलूप उघडतं. किल्ली अनेक विश्वस्तांत वाटलेली असते, म्हणजे एकट्यादुकट्याला डोकावता येत नाही. जगभरच्या संकेतशास्त्रज्ञांची संघटना आयएसीआर आपल्या निवडणुका अनेक वर्षं हेलिओसवर घेते. २०२५ च्या निवडणुकीत तीन विश्वस्त होते आणि उघडायला किल्लीचे तिन्ही हिस्से लागणार होते. नोव्हेंबरात मतदान संपलं आणि एका विश्वस्ताकडून त्याचा हिस्सा कायमचा हरवला. मतं सुखरूप होती, पण ती कोणालाच उघडता येईनात, अगदी मोजणाऱ्यांनाही. निवडणूक पुन्हा घ्यावी लागली, आणि यापुढे तिघांपैकी कोणतेही दोन हिस्से पुरतील असं ठरलं.