मुलाखतीत नेमकं नावच का अडतं?

गणपतीच्या आरतीत सगळ्यांबरोबर म्हणताना तोतरेपणा जवळजवळ नाहीसा होतो. त्याच मुलाला मुलाखतीत ‘नाव सांगा’ म्हटलं की पहिलं अक्षर घशातच अडकतं. समोरच्यांना वाटतं, घाबरलाय, तयारी करून आलेला नाही. या एका गैरसमजापायी कितीतरी हुशार मुलामुलींच्या नोकऱ्या हुकतात, आणि ते थांबायला हवं.

प्रौढांमध्ये साधारण १ टक्का लोक तोतरं बोलतात. स्त्रियांपेक्षा पुरुष सुमारे चौपट. बहुधा २ ते ५ वर्षांच्या वयात सुरुवात होते आणि बहुतेक मुलांचं ते आपोआप जातं. ज्यांचं राहतं त्यांची जीभ जड नसते आणि बुद्धीही कमी नसते. डेनिस ड्रेना यांच्या गटाने २०१० मध्ये, पाकिस्तानी कुटुंबांच्या अभ्यासातून, तोतरेपणाशी जोडलेली जनुकं दाखवून दिली. मेंदूच्या स्कॅनमध्ये डाव्या बाजूला, बोलण्याशी संबंधित भागांना जोडणाऱ्या तंतूंतही फरक दिसतो.

पुढचा आवाज नेमका कधी काढायचा, हा इशारा देण्यात मेंदूच्या आत खोलवर असलेल्या ‘बेसल गँग्लिया’ या केंद्रांचा मोठा वाटा असतो. अनेक संशोधकांच्या मते तोतरेपणात हा आतला इशारा वेळेवर मिळत नाही. आरतीत टाळ आणि बाकीच्यांचे आवाज तो बाहेरून पुरवतात, म्हणून शब्द सुटतात. मुलाखतीत बाहेरून काहीच मिळत नाही. शिवाय अडणारा शब्द तोतरं बोलणाऱ्याला आधीच जाणवतो आणि तो झटकन दुसरा शब्द घेतो. ‘पाणी’ अडलं तर ‘वॉटर’ म्हणतो. स्वतःच्या नावाला, गावाला, कॉलेजला असा पर्याय नसतो. मुलाखतीची सुरुवात मात्र याच तीन गोष्टींनी होते.

आणखी एक गोष्ट तयारी करणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावी. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या एरिक जॅक्सन यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आपलं कोणी ऐकत नाही अशी खात्री असताना तोतरं बोलणारी प्रौढ माणसं जवळपास अजिबात अडखळली नाहीत. म्हणजे ऐकणारा समोर असणं हाच कळीचा मुद्दा. आरशासमोर कितीही घोकलं तरी खरी तालीम होत नाही. ती माणसांसमोर करावी: मावशी, मित्र, जमलं तर एखादा अनोळखी माणूस. फोनवरही करावी, कारण टेलिफोनिक राउंडमध्ये चेहरा दिसत नाही आणि शब्द अडला की पलीकडचा ‘हॅलो, हॅलो’ करत फोन ठेवून देतो.

सुरुवातीलाच सांगून टाकावं का? माझं मत स्पष्ट आहे: सांगावं, पण माफी मागू नये. कोर्टनी बर्ड आणि सहकाऱ्यांच्या २०१७ मधल्या संशोधनात, साध्या शब्दांत माहिती देणाऱ्याबद्दल ऐकणाऱ्यांचं मत माफी मागणाऱ्यापेक्षा चांगलं झालं. ‘मी अडखळत बोलतो. एखाद्या शब्दाला वेळ लागेल, पण उत्तर पूर्ण देईन.’ एवढं पुरे. लपवण्यात खर्च होणारी शक्ती मग उत्तराकडे वळते.

मुलाखत घेणाऱ्यांकडूनही अपेक्षा आहे. ‘रिलॅक्स’ म्हणू नका, वाक्य त्याच्याऐवजी पुरं करू नका, नजर हटवू नका. कॅमेऱ्यासमोर घड्याळ लावून उत्तरं मागणारी फेरी असेल तर वेळ वाढवून द्या. अमेरिकेतल्या २०१८ च्या एका विश्लेषणात तोतरं बोलणाऱ्यांची कमाई इतरांपेक्षा वर्षाला ७,००० डॉलरहून अधिक कमी आढळली. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या वाचा-भाषा दिव्यांगतेच्या व्याख्येत स्वरयंत्र काढून टाकणं आणि मेंदूविकारामुळे भाषा जाणं ही उदाहरणं आहेत. तोतरेपणाचा उल्लेख नाही. त्यामुळे बरंचसं समोरच्याच्या समजूतदारपणावर सोडलं जातं, हे मला मुळीच पटत नाही.

रुजू झाल्यावर खरी कसोटी ओळख-परेडची. गोल बसून एकेकाने नाव सांगायचं असतं, आणि आपली पाळी जवळ येईल तसा ताण चढतो. अशा वेळी शक्य असेल तर पहिल्यांदाच बोलून मोकळं व्हावं. साहेबांना पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवावं, म्हणजे मीटिंगमध्ये मध्येच कोणी तोडत नाही. फोन टाळून सगळं ईमेलवर ढकलण्याचा मोह होतो, पण प्रत्येक टाळलेल्या फोनाबरोबर पुढच्याची भीती वाढते. स्पीच थेरपीसाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तिथे जाताना ‘पूर्ण बरं करा’ असा हट्ट धरू नये. न टाळता, कमी धडपडीने अडखळायला शिकणं हीसुद्धा थेरपीच आहे.