लहान मुलांच्या कोपराचं फ्रॅक्चर: प्लास्टर निघाल्यानंतर

पडताना मूल हात टेकून स्वतःला सावरायला जातं, सगळा भार कोपरावर येतो आणि दंडाचं हाड कोपराच्या जरा वर मोडतं. हे सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चर, मुलांच्या कोपराच्या फ्रॅक्चरमध्ये सगळ्यात जास्त दिसणारं, साधारण ५ ते ७ वर्षांच्या वयात. पुण्यात उन्हाळ्याची सुट्टी लागली की सोसायटीच्या पार्किंगमधली सायकल आणि बागेतले मंकी बार, मग संचेती नाहीतर ससून नाहीतर जवळचं कुठलंही हाडांचं हॉस्पिटल, अशी धावपळ बऱ्याच घरांनी केलेली असते. हाड किती सरकलंय त्याचा टाइप डॉक्टर सांगतात तो गार्टलँड या सर्जनच्या १९५९ च्या वर्गवारीने, टाइप १ मध्ये हाड जागेवरच असतं आणि प्लास्टरवर भागतं, टाइप ३ मध्ये पूर्ण सरकलेलं असतं म्हणून भूल देऊन हाड बसवतात, के-वायर म्हणजे हाड धरून ठेवणाऱ्या बारीक तारा घालतात आणि ३-४ आठवड्यांनी तारा काढतात.

पण आईबाबांची खरी घालमेल प्लास्टर निघतं त्या दिवशी सुरू होते. आतून बारीक झालेला, कोरड्या कातडीचा हात बाहेर येतो, कोपर सरळ होत नाही आणि घास तोंडापर्यंत जात नाही. मग घरातले, शेजारचे सगळे सांगतात तेल लावून चोळा, हाडवैद्याकडे न्या, हातात बादली द्या म्हणजे सरळ होईल. हे करू नका, अगदी मनापासून सांगते. जोर लावून ताणलं की सूज वाढते, हात अजून आखडतो, कधीकधी स्नायूतच हाड धरतं. मुलाने स्वतःहून केलेली हालचाल हाच खरा व्यायाम, बहुतेकांना वेगळी फिजिओ लागतच नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बरीचशी हालचाल परत येते, शेवटचे थोडे अंश यायला मात्र वर्षही लागतं.

माझी भाची सिंहगड रोडला राहते, तिचा आम्ही दर रविवारी तळहात वर करून दोन्ही हात पुढे धरलेला फोटो काढायचो, कारण रोज बघून फरक कळतच नाही. एक दिवस तिने हात डोक्यामागे नेऊन वेणीचं रबर स्वतःच लावलं, कोणी सांगितलं नव्हतं, आणि ताई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

नसेला मार बसला असेल तर अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळवून गोल करता येत नाही, आपण 'मस्त' म्हणून दाखवतो तो. बहुतेकदा ही नस ३ ते ६ महिन्यांत आपोआप सुधारते. बोटं सरळ करताना भयंकर दुखणं, ती थंड किंवा पांढरी पडणं हे मात्र त्याच दिवशी, त्याच तासात दाखवायचं, कारण घट्ट पट्टीखाली रक्तपुरवठा थांबला तर स्नायू कायमचे आखडतात. जर्मन सर्जन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये वर्णन केलेलं व्यंग ते हेच.

"वाढत्या वयाचं हाड आहे, होईल सरळ" हे अर्धंच खरं. पुढे-मागे झुकलेलं हाड लहान वयात थोडंफार सुधारतं, पण कोपर आतल्या बाजूला वाकून जुळलं तर ते तसंच राहतं, कारण दंडाच्या हाडाची जेमतेम २० टक्के वाढ कोपराकडच्या टोकाला होते, बाकीची खांद्याकडे. हात बंदुकीच्या दस्त्यासारखा दिसतो, काम बहुतेक सगळं होतं, सरळ करायचा तर हाड कापून परत जुळवावं लागतं.

बाहेरच्या बाजूचं लॅटरल कॉन्डाइल फ्रॅक्चर जास्त फसवं, तुकडा बराचसा कूर्चेचा असल्याने एक्स-रेमध्ये छोटा दिसतो आणि सरकला आणि नीट बसवला नाही तर बरेचदा जुळत नाही. मग हात हळूहळू बाहेर वाकत जातो, कोपरामागची नस ताणली जाते आणि १०-२० वर्षांनी, मूल कॉलेजात किंवा नोकरीत असताना, करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या यायला लागतात. तेव्हा लहानपणीच्या त्या फ्रॅक्चरची आठवण कोणालाच राहिलेली नसते, म्हणून जुने एक्स-रे रद्दीत घालू नका.